पोस्ट निघत नाही तोवर: स्पर्धा परीक्षेचा एक उमेदवार आणि समाजमाध्यमांचे व्यसन

पुण्याच्या सदाशिव पेठेत, नारायण पेठेत आणि शास्त्री रस्त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करणारे हजारो तरुण राहतात. पदासाठी निवड होण्याला ते 'पोस्ट निघणे' म्हणतात. येथे मांडलेले प्रकरण त्यांच्यापैकी कोणा एकाचे नाही. समुपदेशनासाठी येणाऱ्या अशा उमेदवारांमध्ये ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात, त्या एकत्र करून ते रचलेले आहे, आणि चाचण्यांचे जे गुण पुढे दिले आहेत तेही त्या रचनेचाच भाग आहेत. चाचण्यांची माहिती, परीक्षेच्या तारखा आणि संशोधनाचे संदर्भ मात्र जसे आहेत तसेच दिले आहेत.

परिस्थिती

सव्वीस वर्षांचा हा तरुण मराठवाड्यातील एका कोरडवाहू गावातला. वडिलांची पाच एकर जमीन, त्यात सोयाबीन आणि थोडी ज्वारी. कृषी पदवी घेऊन तो पुण्यात आला, कॉट बेसिसवर एका खोलीत तिघांबरोबर राहू लागला आणि जवळच्याच अभ्यासिकेत जागा घेतली. राज्यसेवेचे तीन अटेम्प्ट झाले होते. एकदा पूर्वपरीक्षेत तो थोडक्यात राहिला, एकदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचला आणि तिसऱ्या वेळी पुन्हा पूर्वपरीक्षेतच अडकला. गावात त्याला सगळे 'साहेब' म्हणतात, आणि त्यातली थट्टा किती व आशा किती हे त्याला कळेनासे झाले होते.

तो आला ते फोनची तक्रार घेऊन नव्हे. डोके जड होते, दुपारनंतर पोटात आग पडते, पित्ताच्या गोळ्या घेऊनही उतार पडत नाही आणि वाचलेले लक्षात राहत नाही, असे त्याचे म्हणणे होते. डॉक्टरांनी तपासण्या करून शारीरिक कारण फारसे नसल्याचे सांगितले होते आणि त्यांच्याच सांगण्यावरून तो समुपदेशनाला आला होता. फोनचा विषय त्याने जाता जाता काढला. दिवसाला तीनेक तास वापर होतो, त्यातला बराचसा अभ्यासाचाच असतो, असे तो म्हणाला. फोनमधील नोंद उघडून पाहिली तेव्हा आठवड्याची रोजची सरासरी साडेसहा तासांच्या घरात निघाली. त्यात टेलिग्राम, इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवरील छोट्या चित्रफिती यांचा वाटा सर्वांत मोठा होता. त्याला खोटे बोलायचे नव्हते. स्वतःचा अंदाज आणि फोनची नोंद यांचा मेळ बसत नाही, हे या विषयावरच्या संशोधनात अनेकदा दिसून आले आहे. प्रश्नावलीतून वापराचे तास विचारणाऱ्या अभ्यासांकडे म्हणूनच जरा सावधपणे पाहावे लागते.

उपाय त्याने स्वतःच करून पाहिले होते. अॅपला वेळेची मर्यादा लावली आणि ती स्वतःच्याच हाताने वाढवत नेली. इन्स्टाग्राम काढून टाकले आणि निकालाच्या दिवशी परत घेतले. साधा बटणांचा फोन विकत घेतला, पण टेलिग्रामवरच्या सूचना मिळाव्यात म्हणून स्मार्टफोन बॅगेत राहिलाच.

माहितीची खरी गरज

या प्रकरणाचा एक पैलू शाळकरी मुलांच्या किंवा नोकरदारांच्या प्रकरणांत सहसा आढळत नाही. या उमेदवाराचे वारंवार फोन पाहणे निव्वळ निरर्थक नव्हते. आयोगाच्या वेळापत्रकाचा इतिहास पाहिला तर सतत ग्रुप तपासत राहण्याची सवय का जडते हे समजते. मुख्य परीक्षेची वर्णनात्मक पद्धत, म्हणजे पर्याय निवडण्याऐवजी सविस्तर उत्तरे लिहिण्याची पद्धत, २०२३ पासूनच लागू होणार की पुढे जाणार, यावरून त्या वर्षाच्या सुरुवातीला पुण्यात आंदोलने झाली आणि ती पद्धत २०२५ पासून लागू करण्याचे जाहीर झाले. २०२४ ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा आधी पुढे गेली होतीच. २५ ऑगस्टला ठरलेली तारीख बँक भरतीच्या आयबीपीएस परीक्षेच्या दिवशीच आल्यामुळे पुन्हा आंदोलन झाले, अगदी तोंडावर ती तारीख रद्द झाली आणि परीक्षा अखेर १ डिसेंबर २०२४ रोजी घेण्यात आली. अशा वातावरणात शंभर संदेशांपैकी नव्व्याण्णव अफवा, अंदाज आणि विनोद असतात, पण एखादा संदेश अख्ख्या वर्षाचे नियोजन बदलणारा निघू शकतो. केव्हा मिळेल याचा भरवसा नसलेले बक्षीस सवय सर्वांत घट्ट करते, हे वर्तनशास्त्रात मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगांपासून माहीत आहे. येथे ते बक्षीस अॅप बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठेवले नव्हते, परीक्षेच्या व्यवस्थेनेच ते पुरवले होते.

त्यामुळे 'फोन बंद कर, अभ्यासाला बस' हा घरच्यांचा आणि अभ्यासिकेतल्या सीनियरांचा सल्ला त्याला पटत नसे, आणि त्यात त्याचे काही चुकत होते असे मला वाटत नाही. मात्र एक प्रश्न उरतोच. त्याच ग्रुपमध्ये, त्याच अफवांमध्ये त्याचे खोलीतले तिघे सोबतीही होते. त्यांच्यापैकी दोघे सकाळी एकदा आणि रात्री एकदा ग्रुप पाहून फोन बाजूला ठेवत. परिस्थिती सर्वांची सारखी असताना फोनपुढे हतबल झाला तो एकटाच. याचे उत्तर शोधण्यासाठी त्याच्या स्वभावाकडे आणि भावना ओळखण्याच्या क्षमतेकडे वळावे लागले.

मूल्यमापन

समाजमाध्यमांचे व्यसन हा आज अधिकृत निदानाचा प्रकार नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदान-नियमावलीत इंटरनेट गेमिंगला पुढील अभ्यासासाठी जागा मिळाली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार समाविष्ट झाला, पण समाजमाध्यमांचा समावेश या दोन्हींत नाही. प्रस्तुत लेखात 'व्यसन' हा शब्द निदान म्हणून नव्हे, तर वर्तनाचे वर्णन म्हणून वापरला आहे.

सर्वप्रथम नैराश्याची चाचणी घेतली. नऊ प्रश्नांच्या प्रचलित चाचणीत सत्तावीसपैकी अकरा गुण आले, म्हणजे मध्यम पातळीची लक्षणे होती. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारले आणि तसा विचार नसल्याचे त्याने तितक्याच स्पष्टपणे सांगितले. अशा प्रकरणांत हा प्रश्न आडवळणाने विचारण्यात अर्थ नसतो. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही त्याला तेव्हाच लिहून दिला.

त्यानंतर बर्गन समाजमाध्यम व्यसन मापनी घेतली. तिच्यात सहा प्रश्न असून प्रत्येकाला एक ते पाच गुण असतात, म्हणजे एकूण सहा ते तीस. गेल्या वर्षभरात मनात सतत तेच घोळत राहणे, अधिकाधिक वापरण्याची ओढ, वैयक्तिक अडचणी विसरण्यासाठी वापर, कमी करण्याचे फसलेले प्रयत्न, वापरता न आल्यास होणारी अस्वस्थता आणि अभ्यासावर किंवा कामावर होणारा वाईट परिणाम, असे त्या प्रश्नांचे विषय आहेत. काही संशोधक एकोणीस गुणांपासून धोका मानतात, तर काही चोवीसपासून. या तरुणाला बावीस गुण मिळाले. पण एकूण बेरजेपेक्षा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक बोलके होते. इतर प्रश्नांना तीन ते पाच गुण देणाऱ्या या तरुणाने 'अडचणी विसरण्यासाठी वापर' या प्रश्नाला अवघा एक गुण दिला होता. विचारल्यावर तो म्हणाला, "सर, मी काही विसरायला फोन बघत नाही. मला अडचण काय आहे? अभ्यास होत नाही, एवढीच."

स्वभावासाठी २०१७ साली प्रसिद्ध झालेली पाच-घटक सूचीची दुसरी आवृत्ती वापरली. तिच्यात साठ विधाने आहेत आणि प्रत्येक घटकाचे तीन उपघटक वेगळे काढता येतात. नकारात्मक भावनाशीलता, म्हणजे काळजी, खिन्नता आणि चटकन मनाचा तोल ढळणे, या घटकात त्याचे गुण बरेच वर होते, आणि त्यातही काळजी सर्वांत जास्त. बहिर्मुखता कमी. कर्तव्यनिष्ठेत मात्र एक विसंगती दिसली. नीटनेटकेपणाचे गुण चांगले होते आणि हाती घेतलेले काम तडीस नेण्याचे कमी. कॉटशेजारच्या भिंतीवर चार रंगांच्या पेनांनी आखलेले वेळापत्रक होते. ते त्याने मोठ्या अभिमानाने दाखवले आणि त्यातला कुठला आठवडा पुरा पाळला हे विचारल्यावर नजर खाली घातली.

भावनांची जाण दोन प्रकारे तपासली. पहिली चाचणी टोरंटो अलेक्सिथायमिया मापनी. अलेक्सिथायमिया म्हणजे स्वतःच्या भावना ओळखण्यात आणि शब्दांत मांडण्यात येणारी अडचण. १९७० च्या दशकात मानसोपचारतज्ज्ञ पीटर सिफनिओस यांनी ही संज्ञा रूढ केली, ती मुख्यतः अशा रुग्णांसाठी ज्यांचे मानसिक दुःख शारीरिक तक्रारींच्या रूपाने बाहेर पडते. या मापनीत वीस विधाने आहेत. एकसष्ट किंवा अधिक गुण असल्यास ही अडचण ठळक समजतात, आणि बावन्न ते साठ हा सीमेवरचा पट्टा. त्याचे चौसष्ट गुण होते, त्यांपैकी भावना ओळखण्याच्या अडचणीचे सव्वीस, त्या सांगण्याच्या अडचणीचे सतरा आणि बाह्य गोष्टींकडेच लक्ष असण्याचे एकवीस. ज्याला स्वतःच्या भावना कळत नाहीत त्यालाच त्याविषयी विचारायचे, हा या चाचणीवरचा जुना आक्षेप आहे आणि तो रास्त आहे.

म्हणून दुसरा मार्ग घेतला. लेन आणि श्वार्ट्झ यांनी १९८७ मध्ये भावनिक जाणिवेच्या पातळ्यांची मांडणी केली. तिच्यावर आधारलेल्या चाचणीत एक प्रसंग सांगून 'तुम्हाला काय वाटेल' आणि 'समोरच्याला काय वाटेल' असे विचारतात आणि उत्तर कोणत्या पातळीवरचे आहे ते पाहतात. शारीरिक संवेदना ही पहिली पातळी, कृतीचा कल ही दुसरी, एकच ठळक भावना ही तिसरी आणि मिश्र भावना ही चौथी. पाचव्या पातळीवर स्वतःच्या मिश्र भावनांसोबत दुसऱ्याच्याही भावना वेगळ्या ओळखता येतात. त्याच धर्तीवर त्याला विचारले की, तू आणि तुझा जवळचा मित्र बरोबर अभ्यास करता, त्याची पीएसआयची (पोलीस उपनिरीक्षकाची) पोस्ट निघते आणि तुझी निघत नाही, तर तुला काय वाटेल? तो लगेच म्हणाला, "मी अभ्यास वाढवेन." आणि मित्राला? "तो नाशिकला ट्रेनिंगला जाईल." पुन्हा विचारले तेव्हा तो बराच वेळ थांबला आणि म्हणाला, "टेन्शन येईल थोडं." कोणाला, तर "दोघांनाही." पुढे कळले की हा प्रसंग त्याच्या बाबतीत खरोखरच घडून गेला होता.

मांडणी

स्वभाव आणि समाजमाध्यमांचे व्यसन यांवरच्या संशोधनात दोन दुवे बऱ्यापैकी सातत्याने आढळतात. नकारात्मक भावनाशीलता जास्त असेल तर व्यसनाचे गुण वाढतात आणि कर्तव्यनिष्ठा जास्त असेल तर ते घटतात. बहिर्मुखतेचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. बर्गन विद्यापीठाच्या गटाने २०१२ मध्ये फेसबुकसाठी जी मापनी प्रसिद्ध केली, त्या अभ्यासात बहिर्मुखतेचा संबंध व्यसनाशी जुळला होता. पण तो काळ स्वतःचे फोटो टाकण्याचा आणि मित्रांच्या भिंतीवर लिहिण्याचा होता. हा तरुण कधी काही टाकत नसे, कोणाला काही लिहीत नसे, नुसता पाहत राही. अशा मूक वापरात अंतर्मुख माणूसही तितकाच खोल अडकतो. यांपैकी बहुतेक अभ्यास एकाच वेळी घेतलेल्या प्रश्नावल्यांवर उभे आहेत, त्यामुळे स्वभावातून व्यसन आले की दीर्घ वापराने काळजी वाढली, हे त्यांतून ठरत नाही.

या प्रकरणापुरते पाहिले तर केवळ स्वभावाने उलगडा होत नाही, असे माझे मत आहे. खोलीतला एक सोबतीही स्वभावाने तितकाच काळजीखोर होता. फरक असा की त्याला भीती वाटली की तो तसे बोलून दाखवी. "यार, माझी फाटली आहे," असे म्हणून खाली चहाला जाई. या तरुणाच्या बाबतीत भावना शरीरात उमटे आणि तिथेच थांबे. पोटात आग, डोक्यात जडपणा, हाताची चुळबुळ एवढेच त्याला जाणवे. त्या अवस्थेला नाव नसल्यामुळे तिच्यावर करण्यासारखे त्याच्या हाती दोनच मार्ग उरत, पित्ताची गोळी किंवा फोन. फोनने दोन मिनिटांत आराम पडे. आराम कशापासून पडला हे माहीत नसल्यामुळे तो आराम आहे हेही त्याला कळत नसे. बर्गन मापनीच्या तिसऱ्या प्रश्नाला त्याने एक गुण दिला तो यामुळे. भावनांची जाण कमी असलेल्या माणसाच्या बाबतीत ही मापनी नेमके तेच लक्षण कमी दाखवू शकते ज्यावर बाकीचे सगळे उभे असते. म्हणून अशा चाचण्यांत केवळ बेरीज पाहून निष्कर्ष काढणे मला धोक्याचे वाटते.

त्या पीएसआय मित्राचा प्रसंग या साखळीचा नमुना म्हणून घेता येईल. निकाल लागला, गावात गुलाल उधळला गेला, चौकात फलक लागला आणि सत्काराची चित्रफीत इन्स्टाग्रामवर आली. त्या रात्री या तरुणाने ती पुन्हा पुन्हा पाहिली, मित्राला अभिनंदनाचा संदेश मात्र पाठवला नाही आणि पहाटेपर्यंत इतर गावांतल्या, अनोळखी मुलांच्या सत्काराच्या चित्रफिती पाहत राहिला. अशा चित्रफिती आवडतात असे समजून अॅप त्याच पुढे करत राहिले. मत्सर, शरम, मित्राविषयीचा खराखुरा आनंद आणि वडिलांना, म्हणजे आण्णांना, तोंड कसे दाखवायचे ही धास्ती हे सर्व त्या रात्री एकत्र होते. त्याला आठवत होते ते एवढेच की, दुसऱ्या दिवशी पित्त खवळले होते.

उपाययोजना

अॅपवर बंधन घालण्याचा मार्ग सुरुवातीला मुद्दाम बाजूला ठेवला. त्याच्यातला नीटनेटकेपणा कामाला लावायचे ठरले. हा त्याच्या स्वभावाचा भक्कम भाग होता आणि वेळापत्रकांवर वाया जात होता. खिशात मावेल अशा वहीत, फोन हातात घेतल्यावर पण तो उघडण्यापूर्वी, चार गोष्टी लिहायच्या: वेळ, नुकतेच काय घडले, शरीरात काय जाणवते आणि काय वाटते. लिहून झाल्यावर फोन पाहायला पूर्ण मुभा होती.

पहिल्या आठवड्यातील नोंदींचा शेवटचा रकाना बहुतेक कोराच होता. एक नोंद अशी होती: 'सव्वातीन. चालू घडामोडी वाचत होतो. पोटात आग.' त्या पानावर बराच वेळ बोलणे झाले. कोणत्या घडामोडी वाचत होता, तर नव्याने नियुक्त झालेल्या अधिकाऱ्यांची बातमी होती. त्यांच्यात ओळखीचे कोणी होते का, तर एक बॅचमेट होता. मग ती आग बातमी वाचण्याआधीपासून होती की नंतर सुरू झाली? तो म्हणाला, "नंतर." आणि जरा वेळाने, "म्हणजे जळतो की काय मी त्याच्यावर?" हे तो हसत म्हणाला, पण शेवटच्या रकान्यात त्याने तो शब्द लिहिला. काही आठवड्यांनंतरची एक नोंद: 'पावणेदहा. ग्रुपवर कट-ऑफचा अंदाज. छातीत धडधड. भीती, मग राग, स्वतःचाच. फोन पाहिला, दहा मिनिटांनी ठेवला.'

भावनेला नाव देण्याचा परिणाम होतो याला प्रयोगांचा आधार आहे. २००७ मध्ये लीबरमन आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमांवरून दाखवले की, चेहऱ्यावरील भावनेला शब्द दिला असता अमिग्डाला या मेंदूतील भीतीसारख्या भावनांशी निगडित भागाची सक्रियता कमी होते. अर्थात प्रयोगशाळेत अनोळखी चेहरे पाहणे आणि अभ्यासिकेत स्वतःच्या अपयशासमोर बसणे यांत बरेच अंतर आहे. या तरुणाच्या बाबतीत नाव दिल्याने भावना नेहमी ओसरली असे झाले नाही. काही वेळा ती वाढली. मत्सर ओळखता आल्यावर त्याला दोन दिवस अपराधी वाटत होते. पण भावना कशामुळे आहे हे कळू लागल्यावर फोनखेरीज आणखी काही करता येणे शक्य झाले. मित्राला उशिरा का होईना फोन करणे, हे त्यांपैकी एक होते.

त्यानंतरच बंधनांकडे वळलो. परीक्षेची माहिती आयोगाच्या संकेतस्थळावरून, दिवसातून दोनदा, अभ्यासिकेतल्या संगणकावर पाहायची. टेलिग्रामच्या ग्रुपपैकी अधिकृत सूचना जशाच्या तशा देणारा एक ठेवायचा आणि चर्चेचे बाकीचे सोडायचे. महत्त्वाचे काही झाले तर खोलीतल्या सोबत्याने येऊन सांगायचे. ही शेवटची अट सर्वांत उपयोगी पडली. माहिती हुकण्याची त्याची भीती खरी होती, आणि ती समजूत काढून जाण्यासारखी नव्हती, तिच्यासाठी व्यवस्थाच करावी लागत होती. ओढ आली की तिच्याशी झगडण्याऐवजी ती चढते, टिकते आणि उतरते हे नुसते पाहत राहण्याचे, व्यसनांवर काम केलेल्या मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लाट यांचे तंत्रही शिकवले. ते त्याला फारसे जमले नाही.

आण्णांशी होणारे रविवारचे बोलणे हा वेगळा विषय होता. "अभ्यास कसा चाललाय?" "चाललाय." "पैसे लागतील का?" "नको." एवढ्यात फोन संपे, आणि रविवारी रात्रीचा वापर आठवड्यात सर्वांत जास्त असे. वहीतून हा मेळ त्याला स्वतःलाच दिसला.

पुढील स्थिती

पूर्वपरीक्षेच्या आधी घेतलेल्या फेरचाचणीत बर्गन मापनीचे गुण बावीसवरून सोळावर आले. मात्र तिसऱ्या प्रश्नाचे गुण एकवरून चारवर गेले होते. 'अडचणी विसरण्यासाठी' आपण फोन पाहतो हे त्याला आता दिसत होते, आणि त्या एका प्रश्नातली वाढ मी सुधारणेतच धरतो. टोरंटो मापनीचे गुण छप्पन्न झाले, म्हणजे तो सीमेवरच्या पट्ट्यात आला. घट झाली ती भावना ओळखण्याच्या आणि सांगण्याच्या भागात. बाह्य गोष्टींकडेच लक्ष असण्याचे गुण जिथल्या तिथे राहिले. काळजीखोर स्वभावात बदल झाला नाही, आणि तसे उद्दिष्टही नव्हते. फोनची रोजची नोंद साडेतीन तासांच्या आसपास स्थिरावली. पित्ताच्या गोळ्या कमी झाल्या, बंद झाल्या नाहीत.

पूर्वपरीक्षेच्या निकालात त्याचा क्रमांक नव्हता. त्यानंतरचा आठवडाभर वही कोरी राहिली आणि फोनचा वापर पुन्हा साडेसहा तासांवर गेला. आठवड्याने तो आला तेव्हा त्याने सांगितले की रविवारी आण्णांना स्वतःहून फोन केला, निकाल सांगितला आणि आपल्याला फार वाईट वाटते आहे हेही बोलला. आण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "घरी ये दोन दिवस. सोयाबीनचं बघू, मग बघू तुझं काय ते." तो गावी जाऊन आला. आणखी एक अटेम्प्ट द्यायचा आणि त्याच वेळी कृषी सहायकाच्या भरतीचा अर्जही भरायचा, असे ठरले आहे. पुढील निकालाच्या आसपासच्या दिवसांसाठी भेटींच्या तारखा आधीच ठरवून ठेवल्या आहेत. त्या काळात इन्स्टाग्राम सोबत्याच्या फोनवरच, आणि तेही त्याच्या शेजारी बसून पाहायचे, ही अट त्याने स्वतः सुचवली.